सायकल हे वाहन आहे, आणि ते दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे

नाशिकमध्ये सायकलस्वार आणि वाहतूक पोलीस यांच्यात कुठे खटका उडाला की त्यावरची चर्चा दोन ठरलेल्या वाक्यांवर येऊन थांबते. पहिले वाक्य सायकलवाल्यांचे: "सायकलला ना लायसन लागते ना नंबर प्लेट, तेव्हा पोलीस आम्हाला अडवूच शकत नाहीत." दुसरे मोटारवाल्यांचे, आणि कधीकधी चौकात उभ्या असलेल्या पोलिसाचेही: "यांच्याकडे ना लायसन ना नंबर प्लेट, रोड टॅक्स भरत नाहीत, मग रस्त्याच्या मधून कशाला चालवतात?" ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात असल्यासारखी वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. सायकल म्हणजे खरे वाहन नव्हे, हे दोघांनीही गृहीत धरलेले आहे. त्यातून एकाला सूट हवी आहे आणि दुसऱ्याला हकालपट्टी. माझे म्हणणे असे की सायकल हे कायद्याच्या नजरेत वाहनच आहे, आणि त्या एका शब्दातूनच सायकलस्वाराला रस्त्यावर चालण्याचा हक्क मिळतो आणि पोलिसाने हात केल्यावर थांबण्याचे बंधनही येते. यातले एक घेऊन दुसरे टाकून देण्याची मुभा सायकलस्वाराला नाही, तशी ती पोलिसालाही नाही.

आधी कायद्याचे पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाची व्याख्या यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनाची आहे. पायांनी चालवायची सायकल त्यात बसत नाही, म्हणून तिला चालक परवाना, नोंदणी, विमा, पीयूसी यांपैकी काहीही लागत नाही. हेल्मेटसंबंधीचे कलम १२९ मोटारसायकलीपुरते आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शहरात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा सायकलवाल्यांनी पंपाकडे पाहून हसून घेतले, ते योग्यच होते. पण इथून पुढे ज्यांची उडी चुकते ते असे समजतात की एका कायद्यातून सुटलो म्हणजे सगळ्यांतूनच सुटलो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या व्याख्येनुसार 'वाहन' या शब्दात सायकल येते. त्याच अधिनियमाचे कलम ६८ सांगते की पोलीस अधिकाऱ्याने आपले कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना पाळणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ चाही आशय तोच आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ बेदरकारपणे वाहन हाकण्याला शिक्षा ठेवते, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथेही शब्द 'वाहन' असा आहे, 'मोटार वाहन' असा नाही. सार्वजनिक मार्गावर अडथळा आणणाऱ्याला कलम २८५ पाच हजारांपर्यंतच्या दंडाची तरतूद करते. तेव्हा "आम्हाला अडवूच शकत नाहीत" हे वाक्य मेहेर सिग्नलला म्हणून पाहायला हरकत नाही, पण ते न्यायालयात टिकणार नाही.

मग सायकलस्वाराच्या पदरात पडते काय? इथे इंग्लंडमधला एक जुना खटला आठवण्यासारखा आहे. १८७९ मध्ये एका सायकलस्वारावर भरधाव वेगाने 'गाडी' हाकल्याचा आरोप होता. त्याचा बचाव आपल्या ओळखीचाच होता: ज्या कायद्याखाली मला पकडले तो १८३५ चा, तेव्हा सायकल नव्हतीच, म्हणून माझी सायकल गाडी नव्हे. न्यायालयाने तो मानला नाही. सायकल ही गाडीच आहे असे ठरवून दंड कायम केला. सायकलस्वारांना तेव्हा तो पराभव वाटला असणार. पण नऊ वर्षांनी, १८८८ मध्ये, ब्रिटिश संसदेने सायकलींना कायद्यानेच 'गाडी' म्हणून जाहीर केले आणि त्या शब्दाच्या जोरावर सायकलीला रस्त्यावर घोडागाडीच्या बरोबरीने जागा मिळाली. जो शब्द दंड करायला वापरला गेला, तोच पुढे हक्क सांगायला उपयोगी पडला. आपल्याकडे हा वाद अजून १८७९ च्या बचावाच्या वाक्यावरच अडकून आहे. भारतातही सार्वजनिक रस्ता वापरणे ही सरकारची मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सगीर अहमद खटल्यात स्पष्ट केले आहे. शिवाय केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकले आहे. मागून कर्कश हॉर्न वाजवत "बाजूला हो" म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावे.

आता विरोधकांचे जे खरे आहे ते मान्य करतो. सायकलस्वार उलट्या दिशेने येतात. सिग्नल लाल असताना रिकामा चौक पाहून सटकतात. रात्री दिवा नसतो आणि मागचे रिफ्लेक्टर धुळीने आंधळे झालेले असतात. गंगापूर रोडला पहाटे निघणारे काही गट तीन-तीन, चार-चार जण शेजारी ठेवून गप्पा मारत चालतात आणि मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीला जागा देणे त्यांना अपमानास्पद वाटते. मी स्वतः गेली अनेक वर्षे या शहरात सायकल चालवतो आणि यातला निदान एक गुन्हा माझ्याही नावावर आहे. उलट्या दिशेने येण्यामागे दुभाजक मोटारीच्या हिशेबाने बांधलेले असतात हे कारण आहे. पुढच्या कटपर्यंत जाऊन परत यायचे म्हणजे मोटारीला मिनिटभर आणि पायांना चांगला घाम. पण कारण असणे आणि माफी मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. समोरून विनादिव्याची सायकल आल्यामुळे दचकून पडलेल्या स्कूटीवरच्या बाईंना दुभाजकाची रचना समजावून सांगून काय उपयोग? अशा सायकलस्वाराला पोलिसाने थांबवलेच पाहिजे. त्याला आक्षेप घेणारा सायकलस्वार स्वतःच्याच हक्काचा पाया उकरतो आहे.

यानंतर येतो नंबर प्लेटचा मुद्दा: ओळखच नाही तर जबाबदारी कशी ठरवणार? हा प्रश्न गंभीर आहे, फक्त तो नवा नाही. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका एकेकाळी सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. माझ्या वडिलांच्या सायकलीला असा बिल्ला होता, दरवर्षी आकार बदलणारा, म्हणजे गेल्या वर्षीचा लावून फिरणारा लांबूनच ओळखू यावा. एवढा चोख बंदोबस्त असताना सायकलस्वारांची शिस्त वाढली का? वडिलांच्या आठवणीत तरी बिल्ल्याचा उपयोग एवढाच झाला की महिनाअखेरीला चौकात बिल्ला तपासणीला उभे राहायला एक निमित्त मिळाले. एकदा दिवा विझला होता म्हणून त्यांच्या दोन्ही चाकांची हवा सोडली गेली, पावती नाही, नोंद नाही, फक्त "जा आता चालत." कामावरून सुटलेला माणूस अंधारात सायकल ढकलत घरी आला, आणि सायकलीला दिवा मात्र पुढच्या पगारालाच लागला. त्या शिक्षेने रस्ता त्या रात्री किती सुरक्षित झाला? बिल्ले पुढे इतिहासजमा झाले, कारण त्यांच्या वसुलीत आणि तपासणीत राम उरला नव्हता. जबाबदारी ठरवायला ओळख लागते हे खरे, पण कायद्याने तिची सोय आधीच केलेली आहे: पोलिसाच्या समोर किरकोळ अदखलपात्र गुन्हा करणाऱ्याने नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर खरी ओळख पटेपर्यंत त्याला अटक करता येते, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९ सांगते. पादचाऱ्यांनाही पाठीवर नंबर नसतो. म्हणून आपण त्यांना रविवार कारंजावरून हाकलून देत नाही.

रोड टॅक्सच्या युक्तिवादावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही, तरी तो इतक्यांदा ऐकू येतो की उत्तर द्यावेच लागते. मोटार वाहन कर १९५८ च्या कायद्याखाली राज्याच्या तिजोरीत जातो. कॉलेज रोड किंवा जेल रोडचे डांबर महापालिकेच्या आणि सरकारी निधीतून पडते, त्यात सायकलवाल्याच्या घरपट्टीचा आणि त्याने साबणापासून सिमेंटपर्यंत भरलेल्या जीएसटीचा वाटा आहे. खुद्द सायकलीवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के जीएसटी होता, आता ५ टक्के आहे. आणि हिशेबच करायचा तर झिजेचाही करू. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट न होता साधारण सोळापट होते. त्या मापाने सायकलीमुळे पडलेला खड्डा शोधायला भिंग लागेल.

सर्वांत सभ्य भाषेत मांडला जाणारा, आणि म्हणूनच मला सर्वांत धोक्याचा वाटणारा युक्तिवाद वेगळाच आहे: "त्यांच्याच जिवासाठी सायकली मोठ्या रस्त्यांवरून काढा." द्वारका चौकात सायकलवर उभे राहिलेल्या कोणालाही हे ऐकून क्षणभर मान डोलवावीशी वाटेल. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत ४,८०० हून अधिक सायकलस्वार होते. पण ती कोणाच्या धडकेने गेली? धडक देणाऱ्याचा वेग तसाच ठेवून धडक खाणाऱ्याला घरी बसवणे, याला सुरक्षितता म्हणायचे असेल तर मग चालणाऱ्यांनाही घरी बसवावे लागेल, कारण ते यापेक्षा कितीतरी जास्त मरतात. कोलकात्यात हा प्रयोग झालेला आहे. तिथल्या पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली. भुर्दंड पडला तो दूधवाले, पेपरवाले आणि छोटे फेरीवाले यांच्यावर. आंदोलने झाली, आणि नंतर ती यादी आखडती घ्यावी लागली. बंदीच नको असे मी म्हणत नाही. समृद्धी महामार्गावर सायकल नको हे मला मान्य आहे: तो रस्ता मुळातच वेगवान मोटारींसाठी बांधला, बंदी लेखी आणि आधी जाहीर केलेली आहे, आणि जुने रस्ते मोकळे आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीला जाणाऱ्या माणसाला त्र्यंबक रोडला असा दुसरा रस्ता कोणता आहे?

नाशिककरांना यावर एक उत्तर तोंडपाठ असते: सायकल ट्रॅक आहे ना. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड गाजतवाजत झाला, त्याला सायकलींची पट्टी आहे हे खरे. त्या पट्टीत लावलेल्या दुचाकी, रिक्षा आणि कधी पाणीपुरीची गाडी यांच्यामधून सायकल काढून दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करायला तयार आहे. जी पट्टी सायकलीसाठी मोकळी ठेवली जात नाही ती वापरली नाही म्हणून सायकलस्वाराला दोष देणे म्हणजे बसच्या थांब्यावर बस न थांबवता प्रवाशाला रस्त्यात उभा राहिला म्हणून झापणे. सव्वा किलोमीटरही नसलेली पट्टी हे उर्वरित शहरातून सायकल हद्दपार करण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता पोलिसांची बाजू, तिच्या सर्वांत मजबूत रूपात. ऐन संध्याकाळी मुंबई नाक्यावर उभ्या असलेल्या दोन-चार कर्मचाऱ्यांनी विनादिव्याच्या सायकलीसाठी रीतसर खटला भरावा, कागद करावेत, न्यायालयात पाठवावे, हे शक्य कोटीतले आहे का? ई-चलान वाहनाच्या क्रमांकावर चालते, सायकलीला क्रमांक नाही. मग चाकाची हवा सोडली किंवा व्हॉल्व्ह काढून घेतला की दोन मिनिटांत निकाल लागतो, आणि खुद्द त्या मजुरालाही न्यायालयाच्या तारखेपेक्षा ती शिक्षा परवडते. हा शेवटचा भाग मला अस्वस्थ करतो, कारण तो बराचसा खरा आहे. एक दिवसाची मजुरी बुडवून तारखेला जाण्यापेक्षा हवा भरायचे दहा रुपये कोणीही देईल. पण या सोयीची किंमत काय? हवा सोडणे ही शिक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. तिची पावती मिळत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. ती कोणाला मिळाली आणि कशासाठी, याचा हिशेब कुठेच राहत नाही. आणि जी शिक्षा कागदावर येत नाही ती नेहमी उताराकडे वाहते. चौकात थोडा वेळ उभे राहून कान उघडे ठेवावेत. लाखाची गिअरची सायकल, डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे, अशा माणसाला थांबवताना शब्द येतो "सर, एक मिनिट." कॅरिअरला डबा बांधलेल्या, बाहीला वंगणाचा डाग असलेल्या माणसाला थांबवताना येतो "ए, थांब रे." मराठीत एकवचन आणि बहुवचन यांच्यात केवढे अंतर आहे हे शिकायला व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. त्या दोघांचा गुन्हा एकच असेल, तर वागणूकही एकच हवी, आणि ती लेखी शिक्षेनेच येऊ शकते.

म्हणूनच सायकल थांबवण्याची रीत ठरवणे महत्त्वाचे आहे, आणि त्यात दोघांनीही काही सोडावे लागेल. सायकलस्वाराने थांबावे, उतरावे, विचारल्यास खरे नाव आणि पत्ता सांगावा. लायसन, आरसी, विमा मागितला तर शांतपणे सांगावे की पायडलच्या सायकलीला तो लागू नाही. बॅटरीच्या सायकलींबाबत मात्र पोलिसांची शंका रास्त असते: मोटारची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच ती मोटार वाहनाच्या बाहेर राहते, आणि बाजारात किट बसवून चाळीसने पळणाऱ्या 'सायकली' आहेत. त्यांच्या मालकांनी सायकलस्वारांच्या हक्काच्या गप्पा मारू नयेत. पोलिसाच्या बाजूने अपेक्षा अशी की थांबवण्याचे कारण सांगावे, दंड असेल तर पावती द्यावी, आणि सायकल ताब्यात घ्यायची असेल तर ती मर्जीवर घेऊ नये. चोरीचा माल असल्याचा किंवा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ मालमत्ता जप्त करू देते, पण त्या जप्तीचा अहवाल वर द्यावा लागतो. चौकीच्या भिंतीला सायकल टेकवून "उद्या ये" म्हणणे ही जप्ती नव्हे. या कारणासाठी खरेदीच्या बिलाचा आणि फ्रेमवर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवणे शहाणपणाचे आहे. जुनी सायकल घेणाऱ्या कामगाराकडे बिल नसते, हे पोलिसालाही माहीत असते, आणि नेमकी तिथेच 'वाजवी' या शब्दाची परीक्षा होते.

या शहराला सायकलीचा अभिमान नाही असे कोणी म्हणणार नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तसे करणारा तो पहिला भारतीय संघ होता. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते, आणि तिला बंदोबस्त द्यायला पोलीस आनंदाने उभे असतात. मला या गोष्टींचा अभिमानच आहे. खटकते एवढेच की रस्त्यावरच्या हक्कांची भाषा बोलणारे आम्ही सगळे याच वर्तुळातले आहोत. पोलिसाने अडवले तर आमच्याकडे फोन लावायला कोणीतरी असते. ज्याच्याकडे कोणी नाही तो रात्रपाळी संपवून सिडकोकडे निघालेला असतो, आणि त्याला सायकल हा छंद, व्यायाम किंवा पर्यावरणाची सेवा यांपैकी काहीही नसते. रिक्षाचे पैसे वाचतात एवढाच त्याचा हिशेब असतो.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३८(१ए) आले. बिगर-यांत्रिक वाहने आणि पादचारी यांच्या रस्त्यावरील वावराचे नियम राज्यांनी करावेत असा अधिकार त्याने दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ते सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. सायकलींचे बरेवाईट ठरवणारी जागा ही आहे. तिथे 'सायकलींनी अमुक रस्त्यांवर येऊ नये' अशी एक यादी चिकटवून काम उरकता येईल. किंवा दिव्याविना सायकलीला किती दंड, तो कोणी घ्यायचा, पावती कशी द्यायची, ट्रॅकमध्ये गाडी लावणाऱ्याला काय, आणि सायकल ताब्यात घेतली तर किती तासांत परत, हे लिहिता येईल. दंड लहान आणि जागेवर भरता येण्याजोगा ठेवला तर हवा सोडण्याची सबबही उरत नाही. २०१५ च्या सिंहस्थात पहिल्या पर्वणीला बॅरिकेडचा अतिरेक होऊन गावातल्याच माणसांना गोदाकाठी पोहोचणे कठीण झाले होते, ते अजून कोणी विसरलेले नाही. पुढचा सिंहस्थ दाराशी आहे, आणि घाईत केलेले तात्पुरते निर्बंध कायमचे होऊन बसण्याची आपल्याकडे रीत आहे.

मोटार वाहन अधिनियमाचे कलम २१२ सांगते की असे नियम आधी प्रसिद्ध करूनच करता येतात, म्हणजे हरकती आणि सूचनांना वाव ठेवावाच लागतो. त्या मागवण्याची जाहिरात सहसा राजपत्रात येते, आणि सुनावणी झालीच तर कार्यालयीन वेळेत होते, जेव्हा सातपूरचा कामगार यंत्रावर असतो. पहिली पाळी सुटण्याच्या वेळी वसाहतीतल्या कारखान्यांच्या फाटकांवर एक टेबल टाकून, मराठीतले दोन पानांचे टिपण वाटून, तिथेच म्हणणे लिहून घेतले तर काय बिघडेल? त्या टेबलाशी चौकातल्या एका अनुभवी हवालदारालाही बसवावे. नियम अमलात आणण्याचा भार शेवटी त्याच्यावरच पडणार आहे, आणि दिव्याविना आलेल्या सायकलीचे करायचे काय, हे त्यालाही आजवर कोणी लिहून दिलेले नाही.